सहा-पाचचे साडूभाऊ

आमच्या साडूभाऊंना ‘कुठे जायचं?’ असं विचारलं तर ते नुसतं ‘बघू’ म्हणतात. ‘किती वाजता?’ असं विचारलं की खिशातून चष्मा काढतात. एकदा चष्मा बाहेर आला की पुढचा अर्धा तास आपला राहत नाही.

असा एक माणूस प्रत्येक कुटुंबात असतो. लग्नात तो पंगतीच्या पानांचा हिशेब ठेवतो, प्रवासात डबा कुठल्या स्टेशननंतर उघडायचा ते ठरवतो आणि मयतालाही ‘साडेअकराच्या आत निघालं तर बरं, मग सिग्नलला अडकतो आपण’ असं हळूच कुणाच्या तरी कानात सांगतो. साडूभाऊ त्याच जातकुळीतले. फरक एवढाच, की त्यांना अमेरिका मिळाली.

मूळचे चिपळूणचे. वाढले गिरगावातल्या चाळीत. गणपतीला सगळ्या चाळीची कोकणात जायची तिकिटं काढायचं काम त्यांच्याकडे असे. आधी एसटीच्या खिडकीवर आणि १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यावर दादरच्या खिडकीवर ते पहाटे चारपासून उभे राहत. खिडकी उघडायच्या क्षणाला माणसाच्या अंगात जे येतं, ते एकदा चाखलं की सुटत नाही म्हणतात. पुढे ते न्यू जर्सीत, एडिसनला स्थायिक झाले. चांगली नोकरी, घर, गाडी, सगळं झालं. पण पहाटे उठून धडपडावं अशी एकही खिडकी त्या देशात दिसेना. ताई, म्हणजे आमच्या हिची थोरली बहीण, सांगते, की ती पाच-सहा वर्षं ते अगदी मलूल होते. मग कुणीतरी त्यांना फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डला नाताळात नेलं, आणि तिथे जेवायचं टेबलसुद्धा आगाऊ धरावं लागतं हे त्यांना कळलं.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साडूभाऊ सांगतात तेव्हा ते थोडक्यात नसतं. ऑर्लँडोजवळच्या या जागेत चार मोठी उद्यानं आहेत. आत बसून जेवायची जी बरी हॉटेलं आहेत तिथलं टेबल आधी धरायचं. पूर्वी हे १८० दिवस आधी करता यायचं, करोनानंतर ती मुदत ६० दिवसांवर आली. भारतीय रेल्वेनेही नोव्हेंबर २०२४पासून आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली तेव्हा साडूभाऊंनी मला मुद्दाम पुण्याला फोन केला. “दोन्हीकडे एकच माणूस बसलाय,” ते म्हणाले. त्या अज्ञात माणसाबद्दल त्यांच्या आवाजात आदर होता.

आता यातली मेख. डिस्नेच्याच हॉटेलात उतरणाऱ्याला मुक्कामाच्या पहिल्या दिवसाच्या ६० दिवस आधी ही खिडकी उघडते, आणि त्याच सकाळी पुढच्या दहा दिवसांपर्यंतची सगळी जेवणं धरता येतात. म्हणजे मुक्कामाच्या सहाव्या दिवसाचं टेबल तुम्ही ६५ दिवस आधीच पटकावलेलं असतं. बाहेर उतरलेल्या माणसाला ते आणखी पाच दिवसांनी दिसायला लागतं, तोवर उरतं काय, तर दुपारी सव्वातीनचं जेवण नाहीतर रात्री पावणेदहाचं. म्हणून दुर्मिळ टेबलं सहलीच्या शेवटी आणि सहज मिळणारी सुरुवातीला. हे त्यांनी मला विमानतळावरून घरी नेताना समजावलं. मी हो म्हणालो. त्यांनी पुन्हा समजावलं.

त्यांच्याबरोबर डिस्नेची ही सहल करायला आम्ही पुण्याहून तिघं आणि सासूबाई असे गेलो होतो. सासरे आले नाहीत. ‘घर राखायला कुणीतरी हवं’ असं त्यांनी जाहीर केलं असलं तरी साडूभाऊंचा तक्ता त्यांनी आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर पाहिला होता. तो एक्सेलचा तक्ता मीही पाहिला होता, पण मला वाटलं, हा त्यांच्या ऑफिसातला काहीतरी चुकून आला. हिरवा रंग म्हणजे जेवण, निळा म्हणजे खेळ, पिवळा म्हणजे चालणं. लाल रंगाच्या चौकटींत ‘स्वच्छतागृह’ असं लिहिलं होतं, आणि त्या सातही माणसांना एकदमच लागू होत्या.

टेबलं धरली त्या सकाळची हकिकत ताईकडून ऐकली. पहाटे साडेपाचला साडूभाऊ आंघोळ करून, देवाला नमस्कार करून बसले. समोर लॅपटॉप, बाजूला टॅबलेट, ताईचा फोन आणि मुलीचा फोन. मुलगी झोपेत होती. तिच्या बोटाने फोन उघडून घेतला. सात माणसांचं टेबल मिळणं कठीण, म्हणून चार आणि तीन असे दोन भाग पाडून धरायची तयारी होती. कुणी कुठे बसायचं तेही ठरलेलं. माझं नाव एका ठिकाणी चारांत आणि एका ठिकाणी तिनांत होतं, आणि एका रात्री कुठेच नव्हतं. विचारलं तर म्हणाले, “त्या दिवशी तुम्ही आणि मी उभ्याने खाऊ. साडू-साडूंना चालतं.”

काही टेबलं ते नुसती ‘राखीव’ म्हणून धरतात. आयत्या वेळी गेलं नाही तर माणशी दहा डॉलर कापतात, पण दोन तास आधीपर्यंत रद्द केलं तर काही लागत नाही. साडूभाऊ बरोबर दोन तास पाच मिनिटं आधी रद्द करतात आणि वर ‘कुणाचं तरी भलं होईल’ म्हणतात. हे मला पटत नाही. तोवर त्या कुणाचं तरी सगळं कुटुंब सॉसेजच्या गाडीपाशी उभं राहून खात असतं. पण डोळे मिटून पुण्य जोडणाऱ्या माणसाला हे सांगायचं कसं?

या सगळ्या व्यूहाच्या मध्यभागी होता त्या चार उद्यानांपैकी एपकॉटमधला नाताळचा मोठा कार्यक्रम, कँडललाइट प्रोसेशनल. मोठा वाद्यवृंद, शेकडो गायकांचा समूह आणि येशूजन्माची कथा वाचून दाखवणारा कुणीतरी नामवंत निवेदक. १९५८ साली कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये हा सुरू झाला, १९७१पासून फ्लोरिडात होतो आणि १९९४पासून एपकॉटमध्ये. नाताळाच्या मोसमात रोज रात्री तीनदा. उद्यानाचं तिकीट असलं की हा फुकट, फक्त रांगेत उभं राहायचं. पण ठरावीक हॉटेलांत या कार्यक्रमासकट जेवण धरलं, तर कार्यक्रमाला जागेची हमी मिळते. हमी म्हणजे आत जागा मिळेल एवढीच; ती पुढची की खांबामागची हे त्या हमीवाल्यांच्या रांगेत तुम्ही किती आधी उभे राहता त्यावर. म्हणजे रांग टाळण्यासाठी जेवायचं आणि जेवून रांगेत उभं राहायचं. साडूभाऊंना यात विसंगती दिसत नाही. उलट दोन रांगांतली एक आपण विकत घेतली याचा त्यांना आनंद असतो.

निवेदक दर दोन-तीन दिवसांनी बदलतो. नील पॅट्रिक हॅरिससारखा असला की लोक तुटून पडतात. म्हणून साडूभाऊंनी यादीतून असा निवेदक निवडला, की ज्याला आमच्यापैकी कुणीच ओळखत नव्हतं. मुलांच्या शाळेचंही त्यांनी तसंच केलं. सुट्टी २४ डिसेंबरच्या आसपास लागते आणि तेव्हा तिथे मुंगीला जागा नसते, म्हणून डिसेंबरचा दुसरा आठवडा. जन्मात कधी शाळा न बुडवलेला हा माणूस मुलीच्या शिक्षिकेला ‘कौटुंबिक धार्मिक कारण’ असं लिहून मोकळा झाला.

ते खोटं नव्हतं, हे त्यांना पुढे कळायचं होतं.

एपकॉट १ ऑक्टोबर १९८२ला सुरू झालं. त्याच्या मागच्या अर्ध्या भागात एक तळं आहे आणि तळ्याभोवती ११ देश मांडले आहेत. मेक्सिकोपासून सुरुवात, मग नॉर्वे, चीन, जर्मनी, इटली, बरोबर समोर अमेरिका, पुढे जपान, मोरोक्को, फ्रान्स, ब्रिटन आणि कॅनडा. सगळी प्रदक्षिणा जवळजवळ दोन किलोमीटरची. कार्यक्रम अमेरिकेत, तळ्याकाठच्या खुल्या नाट्यगृहात. तेव्हा जेवायचं कुठे, हा साडूभाऊंच्या लेखी आंतरराष्ट्रीय प्रश्न होता. कॅनडातल्या ल सेलिएचं चीज सूप फार नावाजलेलं, पण त्यात बिअर आणि बेकन दोन्ही असतं, आणि सासूबाई शाकाहारी. शिवाय कॅनडातून अमेरिकेत यायचं तर मधे ब्रिटन, फ्रान्स, मोरोक्को आणि जपान. ब्रिटनमधल्या रोझ अँड क्राउनच्या अंगणातून रात्रीची आतषबाजी दिसते, पण टेबल अंगणातलंच मिळेल याची खात्री कुणी देत नाही. बेभरवशाच्या गोष्टीवर साडूभाऊ पैसे लावत नाहीत. गार्डन ग्रिल हे सबंध हॉटेलच सावकाश गोल फिरतं. ताईला चक्कर येते. शेवटी त्यांनी जर्मनी पक्की केली. बीअरगार्टन. तिथे बुफे.

“बुफेत वाढप्यावर अवलंबून राहावं लागत नाही,” ते म्हणाले. “आपण उठलो, घेतलं, खाल्लं. सव्वा तास. मधे फक्त इटली. सहा मिनिटं.”

टेबलाची वेळ संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटांची. तिसरा, साडेआठच्या सुमाराचा खेळ. वार गुरुवार. सगळ्या तक्त्याचा कणा तो. दोन महिन्यांत एकदाही न हललेली ती चौकट ताईने फ्रिजवर चिकटवलेल्या प्रतीत पहिल्यांदा नीट वाचली आणि म्हणाली, “अहो, मार्गशीर्षातला गुरुवार आहे तो. आई धरते.”

साडूभाऊ शांत राहिले. मला हे त्यांच्यातलं आवडतं; आरडाओरडा नाही. ते सासूबाईंसमोर जाऊन बसले आणि त्यांनी चष्मा काढला.

“आई, गुरुवारी नेमकं काय काय असतं?”

सासूबाईंनी सांगितलं. सकाळी घटाची पूजा, दिवसभर उपास, संध्याकाळी महालक्ष्मीची कथा, आरती, नैवेद्य आणि मग जेवण.

“कथा दुपारी वाचली तर?”

“संध्याकाळी वाचतात.”

“संध्याकाळ म्हणजे किती वाजता?”

असा प्रश्न सासूबाईंना आयुष्यात कुणी विचारला नव्हता. “दिवेलागणीला,” त्या म्हणाल्या.

ऑर्लँडोत डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमाराला मावळतो. म्हणजे दिवेलागण ते जर्मनी, पस्तीस मिनिटं. साडूभाऊंनी एडिसनच्या एका गुरुजींना फोन लावला. दिवेलागण नक्की कुठली धरायची, ऑर्लँडोची की पुण्याची? पुण्याची धरली तर सकाळी साडेसातलाच सगळं उरकत होतं. गुरुजी म्हणाले, “श्रद्धा महत्त्वाची.” या उत्तराला एक्सेलमध्ये रकाना नाही. साडूभाऊंनी फोन ठेवला आणि उतरायचं हॉटेलच बदललं. एपकॉटला फ्रान्स आणि ब्रिटनच्या मधे एक मागचं दार आहे, तिथून चालत जाता येईल असं. महाग पडलं. ‘पिवळा रंग कमी झाला’ एवढंच ते म्हणाले.

मधले दिवस मी सोडून देतो. सगळं वेळेवर झालं यापलीकडे त्यात सांगण्यासारखं नाही. एका रात्री मॅजिक किंगडम या दुसऱ्या उद्यानात नाताळची खास पार्टी होती, संध्याकाळी सात ते मध्यरात्र, तिकीट वेगळं. तिकीटवाल्यांना चारपासूनच आत घेतात, म्हणून आम्ही चारला दारात. एवढे पैसे मोजल्यावर त्या पाच तासांत बसून जेवणं म्हणजे उधळपट्टी, असा साडूभाऊंचा सिद्धान्त असल्याने त्या रात्री जेवण नव्हतं. ठिकठिकाणी बिस्किटं आणि गरम कोको फुकट वाटत होते. त्यांचा क्रम आखलेला होता. सासूबाईंनी प्रत्येक ठिकाणी ‘अंडं आहे का’ विचारलं, प्रत्येक ठिकाणी होतं. मग रस्त्यावर बर्फ पडायला लागला. फ्लोरिडाच्या त्या उकाड्यात लोक वर तोंड करून टाळ्या वाजवत होते. सासूबाईंनी तळहातावर थोडा घेतला, बोटांत चोळला आणि म्हणाल्या, “साबण आहे.” होताही.

गुरुवार उजाडला. हॉटेलच्या खोलीत लिहायच्या टेबलावर घट मांडला. तांब्या एडिसनहून आणलेला, नारळ आणि आंब्याचा डहाळा तिथल्याच देशी दुकानातला, बाकी पत्री ताईच्या परसातल्या मिळतील त्या झाडांची. खोलीत ज्योत लावली तर धुराची घंटा वाजेल, म्हणून निरांजन बॅटरीचं. दिवसभर सासूबाईंनी डब्यातला बटाट्याचा कीस खाल्ला. पाच वाजून अठ्ठावीस मिनिटांनी त्यांनी कथा वाचायला घेतली. साडूभाऊ दाराशी, बूट घालून, हात जोडून उभे. कथेत भद्रश्रव्याची राणी उतते, मातते, म्हातारीच्या रूपात आलेल्या लक्ष्मीला हाकलते. या ठिकाणी सासूबाई नेहमी थांबून मुलींकडे बघतात. त्या थांबल्या. साडूभाऊंनी घड्याळाकडे बघितलं नाही. पण त्यांचे ओठ हलत होते आणि ते स्तोत्र म्हणत नव्हते.

आरती झाली तेव्हा पावणेसहा वाजून गेले होते. पुढे जे घडलं ते त्यांनी तक्त्यात गृहीत धरलेलं नव्हतं. सासूबाई रोज पहाटे पर्वती चढतात. साडूभाऊंनी त्यांच्या नावापुढे ‘वय ७१, वेग मंद’ असं लिहिलं होतं. पदर खोचून त्या जे निघाल्या, त्या फ्रान्स, मोरोक्को आणि जपान पार करून अमेरिकेपाशी आमची वाट बघत उभ्या. साडूभाऊ धापा टाकत पोचले. सहा वाजून चार मिनिटं. इटली त्यांनी जवळजवळ पळत ओलांडली.

जर्मनीत आत गेलं की कायमची रात्र असते; गावातल्या चौकात बसल्यासारखी बाकं, मंचावर चामडी चड्ड्या घातलेले वादक भोंगे वाजवताहेत. लांब टेबलं आठांची. आम्ही सात, म्हणून आठवी एक ओहायोची आजीबाई, एकटी आलेली. शेफ बाहेर आला आणि सासूबाईंना बुफेवर फिरवून त्यांना काय चालेल ते दाखवू लागला. त्या ताट घेऊन परत आल्या. ताटात बटाटा. उकडलेला, परतलेला आणि आणखी एका तऱ्हेचा.

“उपास सोडायचा म्हणून एवढी पळाले,” त्या म्हणाल्या, “आणि इथे बटाटाच!”

ताईने पर्समधून नैवेद्याच्या शिऱ्याचा डबा काढला. साडूभाऊंनी ती पाच मिनिटं कुठून तरी वजा केली. बरोबर सात वीसला ते उठले. “चला.” आम्ही सगळे उठलो. सासूबाई उठल्या, वळल्या, आणि त्यांनी पर्समधून करंडा काढला. ओहायोच्या आजींना हळदीकुंकू. आजींना हे काय चाललंय ते कळेना. मुलीने इंग्रजीत सांगितलं, तेव्हा त्यांनी डोळे पुसून कपाळ पुढे केलं. मग शिरा. मग त्यांनी शिऱ्याची कृती विचारली. सासूबाईंनी ती मराठीतून सांगितली, मुलीने भाषांतर केलं, आजींनी कागदाच्या रुमालावर लिहून घेतलं आणि साजूक तुपाशी अडल्या. मंचावरचे भोंगे जोरात. साडूभाऊ उभ्याउभ्या बोटांवर मिनिटं मोजत होते. पहिला हात संपला, दुसरा सुरू झाला.

रांगेत आम्ही मागे पडलो. जागा मिळाली, हमी होती; पण डावीकडे, अगदी कडेला. पांढऱ्या-सोनेरी कपड्यांतली, हिरव्या झग्यांतली माणसं चढत चढत उभी राहिली आणि त्यांचं मिळून मंचावर नाताळचं झाड तयार झालं. निवेदक आला. त्याने दोन ओळी वाचल्या की गाणं, पुन्हा दोन ओळी की गाणं. सासूबाई पुढे झुकून ऐकत होत्या. “हे कीर्तनच की,” त्या म्हणाल्या. “बुवा नवखा दिसतोय, टाळकरी चांगले आहेत.” शेवटच्या कोरसला सगळे उभे राहिले, सासूबाईही राहिल्या. साडूभाऊ आधीच उभे होते. बाहेर पडताना गर्दी कुठल्या दाराला कमी असेल ते बघत होते. एवढी वर्षं ते हा कार्यक्रम बघताहेत. तो कशाबद्दल आहे असं मी मुद्दाम विचारलं. “पस्तीस-चाळीस मिनिटांबद्दल,” ते म्हणाले.

परतताना सासूबाईंनी सांगून टाकलं, की पुढचा गुरुवार शेवटचा, तेव्हा उद्यापन एडिसनला. सात सवाष्णी बोलवायच्या, हळदीकुंकू, जेवण. साडूभाऊ चालता चालता थबकले. किती वाजता, असं त्यांनी विचारलं. “येतील तेव्हा येतील,” सासूबाई म्हणाल्या. “बायका का वेळ बघून येतात?”

त्या रात्री खोलीतल्या घटाशेजारी लॅपटॉप बराच वेळ उजळलेला होता. दुसऱ्या दिवशी विमानतळावर मी तो तक्ता बघितला. सात सवाष्णींना पंधरा-पंधरा मिनिटांच्या अंतराने वेळा दिल्या होत्या, पहिली सहा-पाच. ओटी हिरवी, आरती निळी. खाली एक ओळ खोडलेली होती, तरी वाचता येत होती: न आल्यास माणशी दहा डॉलर. ती ताईने खोडली, असं कळतं.